आधी बाजू सांग

शाळेच्या महोत्सव समितीचे पत्र आले. ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असे त्यात आहे. माझ्यापुरती शाळा म्हणजे जीवशास्त्राच्या बाई. कोणत्या बाई, हे आमच्या मागच्यापुढच्या तुकड्यांना सांगायला नकोच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या सरांचा तर आधीचाच शिल्लक आहे.

आठवीत असताना सभागृहामागच्या जिन्याखाली मला एक पीस सापडले. वीतभर लांब, सोनेरी-बदामी, त्यावर करड्या-तपकिरी आडव्या पट्ट्या. वर्गाने एकमताने ते ससाण्याचे ठरवले. मी ऐटीत बाईंकडे गेलो. त्यांनी ते हातातही न घेता विचारले, “कुठल्या पंखाचं?”

“ससाण्याच्या, बाई.”

“पक्षी कुणी विचारला? आधी बाजू सांग. डावी की उजवी?”

मग प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर ते पीस ठेवले गेले. दांडीला खालच्या अंगाने बारीक पन्हळ असते, ती टेबलाकडे करायची आणि टोक आपल्यापासून दूर. दांडीच्या एका बाजूची झालर अरुंद असते, दुसरीकडची रुंद. अरुंद बाजू हवा कापते, म्हणून ती पुढची. ती डावीकडे आली तर पीस उजव्या पंखाचे. माझे उजवे निघाले. दोन्हीकडची झालर सारखी असती, तर शेपटीच्या मधले असण्याचा संभव जास्त. मग बाईंनी दांडीचे बूड बघायला लावले. ते अखंड होते, कुठे चावल्याची खूण नाही. “गळून पडलंय. पक्षी मजेत असणार,” त्या म्हणाल्या. त्या वेळी मला पक्ष्याच्या खुशालीत काही रस नव्हता, नाव हवे होते. नाव त्या सांगेनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भर वर्गात डोळे मिटायला लावले. एका हातात कावळ्याचे पीस, दुसऱ्यात माझे. कानाशी सप्पकन आवाज झाला, तो कावळा. मी वाट बघत राहिलो.

“आता दुसरं हलवा ना, बाई.”

“दोनदा हलवून झालं.”

वर्ग हसला, मीही हसलो. मग त्यांनी माझे बोट त्या पिसाच्या पुढच्या कडेवरून फिरवले. कडेला कंगव्यासारखे बारीक दाते होते, पृष्ठभागावर मखमल, मागच्या कडेला मऊ सुटे धागे. अंधारात कानांनी शिकार हुडकणाऱ्याला स्वतःच्याच पंखांचा आवाज परवडत नाही, एवढेच बाई बोलल्या. ‘घुबड’ हा शब्द मीच उच्चारला, आणि आजही तो माझाच शोध वाटतो, ही त्यांची हातोटी. शनिवारी सभागृहाच्या तुळईखाली उंदरांची हाडे आणि केस असलेले उलटीचे गोळे सापडले. वर पाहिले तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा खाली बघत होता. गव्हाणी घुबड.

पीस मात्र त्यांनी ठेवू दिले नाही. “चित्र काढ, लांबी लिही आणि होतं तिथे ठेवून ये.” मी दोन दिवस फुरंगटून होतो. कित्येक देशांत वन्य पक्ष्याचे पीस बाळगणेही कायद्यात बसत नाही, हे पुष्कळ उशिरा समजले.

आता थोडे स्वतःविषयी. मी विमानतळावर पक्षी-धडकेच्या, म्हणजे विमानांवर पक्षी आदळण्याच्या, विभागात काम करतो. या कामाची सुरुवात सांगताना १९६० चा बोस्टनचा अपघात सांगतात. उड्डाण करताच विमान स्टार्लिंग नावाच्या लहान पक्ष्यांच्या थव्यात शिरले आणि ६२ माणसे गेली. इंजिनातल्या अवशेषांवरून पक्षी ओळखला तो अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रॉक्सी लेबोर्न यांनी. पुढे हे त्यांचे शास्त्रच झाले. अखंड पीस हाती लागले नाही, तरी पिसाच्या बुडाची लव सूक्ष्मदर्शकाखाली बरेच सांगते. बदकांच्या लवीतल्या धाग्यांवर त्रिकोणी गाठी दिसतात. माझ्या टिपणावरून आमच्याकडे धावपट्टीलगतचे गवत कापायच्या वेळा बदलल्या, हे इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. गवतात उंदीर, उंदरांमागे गव्हाणी घुबड. त्यांची पिसे मला धावपट्टीवर अजून सापडतात, पण त्यांच्या दांड्या बहुधा मोडलेल्या असतात. नवीन मुलगा पीस घेऊन आला, की मी विचारतो, “डावं की उजवं?” मुले मला हसतात.

जुने सभागृह पाडल्याचे कळले. नव्याला तुळया नाहीत, काचा आहेत म्हणे. काचेला काय काय धडकते, ते मला विचारा. पण महोत्सवाच्या अंकात तक्रार नको.

एकच विनंती. प्रयोगशाळेच्या डावीकडच्या कपाटात बाईंची पिसांच्या चित्रांची लांब वही असे. ती कुणी नेली असेल तर समितीकडे द्यावी, काही विचारणार नाही. अकराव्या पानावर माझे घुबड आहे आणि खाली लाल शाईत शेरा, “दांडी फार जाड. लांबी बरोबर.”