मानेच्या घडीतला ओलावा

माझ्या मुलीची ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, ती दहा महिन्यांची असताना झाली. घरी आल्यावर आमचे सारे लक्ष नळीकडे लागलेले असे. सक्शन, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढणे, नीट झाले का, नळीत चिकट कफ अडकला नाही ना, याचीच धास्ती. तिसऱ्या आठवड्यात नळी जागेवर धरणारी गळ्याभोवतीची पट्टी बदलताना तिची हनुवटी जरा वर उचलली, तेव्हा घडीच्या आत, पट्टीची कडा टेकते तिथे, दोऱ्याएवढी बारीक, लाल आणि ओली रेघ दिसली. ती किती दिवसांपासून होती हे मला सांगता आले नाही, याची खंत अजून आहे.

बाळाची मान आखूड आणि गुबगुबीत असल्यामुळे नळीभोवतून झिरपणारा कफ, लाळ आणि घाम घडीतच साचतो. भिजून मऊ पडलेली कातडी मग पट्टीच्या साध्या घर्षणानेही सोलवटते. आम्ही स्वच्छतेवर भर देत होतो, पण कोरडेपणाकडे आमचे दुर्लक्ष झाले होते.

आता हे काम आम्ही दोघे मिळून करतो: एकाने नळी घट्ट धरून ठेवायची, दुसऱ्याने सलाइनने भिजवलेल्या गॉजने छिद्रापासून बाहेरच्या बाजूला पुसत जायचे आणि मग कातडी न घासता हलकेच टिपून पूर्ण कोरडी करायची. कापूस किंवा कात्रीने कापलेला गॉज नळीपाशी ठेवत नाही, कारण त्याचे धागे श्वासाबरोबर आत जाऊ शकतात; पावडरही त्याच कारणाने वर्ज्य. हायड्रोजन पेरॉक्साइड नव्याने भरून येणाऱ्या कातडीलाच इजा करते, म्हणून तेही वापरत नाही. नळीखालचा, ओलावा शोषणारा फोमचा तुकडा ओला झाला की लगेच बदलतो, घड्याळाकडे पाहत नाही. पट्टी बांधताना तिला बसवून मान किंचित पुढे झुकवतो आणि खाली एकच बोट जेमतेम जाईल इतपत आवळतो. सैल राहिली तर नळी निसटू शकते, घट्ट झाली तर दाबाने जखम होते.

लाल चट्ट्याभोवती बारीक ठिपके दिसले, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याचे मलम डॉक्टरांकडूनच घ्यावे. छिद्राच्या कडेला ओलसर, गुलाबी, सहज रक्त येणारे मांस वाढू लागले, तरीही डॉक्टरांनाच दाखवावे. पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी जावे.

रोज मानेची मागची बाजूही उजेडात पाहते. पट्टी तिथेही तितकीच घासते, आणि बाळ उताणे निजलेले असल्यामुळे ती जागा दिसतच नाही.