लिव्हरपूलमध्ये भाड्याने देण्यासाठी घर: परदेशातून जाणाऱ्या खरेदीदारासाठी प्रवासाचा वृत्तांत

इंग्लंडबाहेर राहून इंग्लंडमध्ये भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचे असेल, तर प्रत्यक्ष भेट नेमकी कशासाठी द्यायची हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरलेले असावे. खोल्यांची छायाचित्रे आणि आराखडे घरबसल्या मिळतात, शेजारची घरे केवढ्याला विकली गेली हे एचएम लँड रजिस्ट्री या सरकारी मालमत्ता नोंदणी कार्यालयाच्या नोंदींत कोणालाही पाहता येते. लांबून कळत नाही ती भिंतीतली ओल, घरामागच्या गल्लीची अवस्था आणि आपल्या गैरहजेरीत घर सांभाळणाऱ्या माणसाची तऱ्हा. लिव्हरपूलला मी गेलो तो हे पाहण्यासाठी.

पैशांचा हिशेब मात्र निघण्यापूर्वीच पूर्ण केला होता, आणि इतरांनीही तसेच करावे असे माझे ठाम मत आहे. मी भारताबाहेर नोकरी करतो, त्यामुळे परदेशस्थांना बाय-टू-लेट, म्हणजे भाड्याने देण्याच्या घरासाठीचे, कर्ज देणाऱ्या बँकांचा मार्ग मला खुला होता. अशा बँका थोड्या आहेत, त्यांचे व्याज स्थानिकांपेक्षा चढे असते आणि किमतीच्या २५ ते ४० टक्के रक्कम स्वतःची असावी लागते. कर्जाची रक्कम ठरते ती मुख्यतः घराच्या भाड्यावर. समजा, कर्ज १,००,००० पौंडांचे आहे आणि बँकेने हिशेबासाठी ६.५ टक्के दर धरला, तर वर्षाचे व्याज ६,५०० पौंड होते. भाडे त्याच्या १४५ टक्के असावे अशी अट असेल, तर महिन्याला सुमारे ७८५ पौंड भाडे येणारेच घर त्या कर्जाला पात्र ठरते. हे गणित आधी मांडले की पाहण्याच्या घरांची यादी आपोआप आखूड होते. यातली बरीच कर्जे केवळ व्याज भरण्याची असतात, मुद्दल मुदतीअखेर फेडायचे असते. पगार एका चलनात आणि हप्ता पौंडात असल्यास विनिमय दर फिरला तरी निदान काही महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढे पौंड बाजूला असावेत.

भारतात निवासी असलेल्यांचे चित्र वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवून परदेशात घर घेता येते, पण परदेशी बँकेचे कर्ज त्या चौकटीत सहजी बसत नाही. त्यांनी सनदी लेखापालाचे लेखी मत घेतल्याशिवाय कर्जाच्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

स्टॅम्प ड्यूटी हा सर्वांत जड खर्च आहे. जगात कुठेही स्वतःचे दुसरे घर असेल, तर इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ अखेरपासून ५ टक्के जादा द्यावे लागतात, आणि खरेदीदार तिथला निवासी नसेल तर २०२१ पासून आणखी २ टक्के. एप्रिल २०२५ पासूनच्या टप्प्यांप्रमाणे १,६०,००० पौंडांच्या घरावर मूळ ड्यूटी धरून एकूण रक्कम ११,९०० पौंड होते. ती कर्जातून मिळत नाही, रोख लागते.

लाइम स्ट्रीट स्थानकाजवळ मुक्काम ठेवून मी बराचसा वेळ वेव्हरट्री भागातल्या लाल विटांच्या, भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या जुन्या घरांत घालवला. एका घराच्या मागील स्वयंपाकघरात नुकताच पांढरा रंग दिला होता आणि छायाचित्रांत ते फार नेटके दिसत होते. कपाटाचे दार उघडून आत हात लावला तेव्हा भिंत गार आणि दमट लागली, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर क्षारांची फिकट रेघ उमटलेली दिसली. बाहेरून पाहिले तर खालच्या विटांत समान अंतरावर भोके पाडून बुजवलेली होती. ओल रोखण्यासाठी पूर्वी रसायन भरल्याची ती खूण. त्या कामाची हमी मागितली तर कागद कोणाकडे नव्हता. त्याच रांगेतल्या दुसऱ्या घरात खोल्या तितक्या उजळ नव्हत्या, पण भिंती कोरड्या होत्या, मागच्या गल्लीला कुलपाचे फाटक होते आणि महापालिकेचे जांभळे कचराडबे ओळीने उभे होते. मी हे दुसरे घर निवडले. तरीही स्वतंत्र सर्व्हेअरकडून घराची पाहणी करून घेतलीच. बँकेचे मूल्यांकन बँकेच्या रक्षणासाठी असते, त्यावर खरेदीदाराने विसंबू नये.

शहरात नव्या इमारतींतल्या फ्लॅटची जाहिरात परदेशस्थांसाठीच केलेली असते. ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या न्यू चायनाटाउन योजनेत परदेशातल्या खरेदीदारांचे पैसे अडकले आणि काम अर्धवट राहिले, हे लक्षात ठेवावे. बांधकाम पूर्ण होण्याआधी मोठी रक्कम मागणाऱ्या योजनेपासून, तिने भाड्याची हमी दिली तरी, दूरच राहावे. तयार फ्लॅट घेतला तरी तो बहुधा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, असतो: लीजची उरलेली वर्षे, देखभाल शुल्काचे मागील हिशेब आणि बाहेरच्या आवरणाच्या अग्निसुरक्षेचे कागद आधी मागवावेत. लीज ऐंशी वर्षांच्या खाली गेली की ती वाढवणे महाग होते, आणि बँकाही हात आखडता घेतात.

या भेटीतला सर्वांत मोलाचा वेळ मी लेटिंग एजंटांच्या, म्हणजे मालकाच्या वतीने घर भाड्याने देऊन सांभाळणाऱ्यांच्या, कार्यालयांत दिला. भाड्याचा किती टक्के मोबदला घेता हे सगळेच विचारतात. मी विचारले की रात्री बॉयलर बंद पडला तर फोन कोण उचलतो, किती रकमेपर्यंतची दुरुस्ती माझ्या संमतीशिवाय करता, आणि मागच्या पाहणीचा अहवाल दाखवता का. एकाने छायाचित्रांसह खोलीवार टिपणे समोर ठेवली, दुसऱ्याने विषय बदलला. निवड करायला एवढे पुरेसे होते.

मालक परदेशात असेल, तर करखात्याने परवानगी दिलेली नसल्यास एजंटाला भाड्यातून खर्च वजा जाता २० टक्के कर कापावा लागतो. या परवानगीचा एनआरएल१ अर्ज मंजूर झाला की कर न कापता भाडे मिळते, पण वार्षिक विवरणपत्र तरीही भरावेच लागते. कर्जाचे व्याज भाड्यातून वजा होत नाही, त्यावर फक्त २० टक्क्यांची करसवलत मिळते; पुष्कळ खरेदीदारांचा नफा याच ओळीत नाहीसा होतो.

भाडेकरूंविषयीचा कायदाही बदलला आहे. २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टप्रमाणे १ मे २०२६ पासून कारण न देता घर रिकामे करून घेता येत नाही आणि भाडे वर्षातून एकदाच वाढवता येते. मला हा बदल न्याय्य वाटतो. ज्यांना हवे तेव्हा घर रिकामे हवे असेल त्यांनी या व्यवसायात उतरू नये. गॅसचे प्रमाणपत्र दरवर्षी, विजेची तपासणी पाच वर्षांनी आणि भाडेकरूची अनामत तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत नोंदवणे बंधनकारक आहे. लिव्हरपूलच्या अनेक वॉर्डांत एप्रिल २०२२ पासून घरमालकाला परवानाही लागतो, तेव्हा पत्ता महापालिकेच्या संकेतस्थळावर तपासूनच बोली लावावी.

बोली मान्य झाली तरी दोन्ही बाजूंनी सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही बांधील नसते. तेव्हाच साधारण १० टक्के रक्कम भरायची असते. खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या सॉलिसिटरला पैशांच्या उगमाचे पुरावे लागतात, ते प्रमाणित करून सोबत न्यावेत. सॉलिसिटरच्या खात्याचा क्रमांक प्रत्यक्ष भेटीत लिहून घ्यावा, आणि तो बदलल्याचा ईमेल आला तर फोन केल्याशिवाय रक्कम पाठवू नये.

मालकी नोंदल्यावर लँड रजिस्ट्रीकडे आपला परदेशातील पत्ता आणि ईमेल द्यावा, घराच्या नोंदीत हालचाल झाली की कळवणारा मोफत प्रॉपर्टी अलर्ट सुरू करावा आणि तोतयाने घर विकू नये म्हणून आरक्यू अर्ज भरावा. मालक त्या घरात राहत नसेल तर या अर्जाला शुल्क नाही, आणि त्यानंतर विक्री करणारी व्यक्ती खरी मालक असल्याचे सॉलिसिटरने प्रमाणित केल्याशिवाय विक्रीची नोंद होत नाही.