कोलारच्या लाल मातीत: डर्ट बाइक शिकायला जाणाऱ्यांसाठी

पुणे ते कोलार हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. नुसतं मातीत गाडी चालवायला एवढ्या लांब कशाला, असं घरचे विचारणारच. मला शिकायचं होतं ते नीट, पायापासून, आणि अशा जागी जिथे वळणावर समोरून ट्रॅक्टर किंवा गुरं येणार नाहीत. बंगळुरूच्या पुढे कोलारकडे सी. एस. संतोष यांनी उभारलेलं बिगरॉक डर्टपार्क आहे. संतोष म्हणजे २०१५ मध्ये डकार रॅली, ही अनेक दिवस चालणारी खडतर शर्यत, पूर्ण करणारे पहिले भारतीय. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममध्ये रचलेल्या मातीच्या ट्रॅकवरची, शर्यत पाहिली, तेव्हापासून हा भुंगा डोक्यात होता. मावसभाऊ तयार झाला आणि आम्ही निघालो.

गेलो कारने. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असं करत दावणगेरेला मुक्काम केला, सकाळी तिथला लोणी डोसा खाल्ला आणि दुपारी बंगळुरू ओलांडून पुढे गेलो. तुमच्याकडे एक्सपल्ससारखी कच्च्या रस्त्यावरही चालणारी बाइक असेल तर ती चालवत न्यायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर नेऊ नका. खडबडीत गुट्ट्यांचे टायर हायवेच्या डांबरावर भराभर झिजतात, दिवसभराच्या थरथरीने मनगटं आधीच थकतात आणि शिकताना हँडल किंवा लीव्हर वाकला तर परतायचं कसं हा प्रश्न उरतो. पार्कच्या गाड्या भाड्याने मिळतात, त्याच घ्या. अस्सल मोटोक्रॉसची, म्हणजे फक्त मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, गाडी तर रस्त्यावर चालवताच येत नाही. तिला दिवा नसतो, इंडिकेटर नसतो, नंबर नसतो. ती पिकअपमधूनच न्यावी लागते.

पहिला अर्धा दिवस आम्ही वेगाच्या जवळपासही गेलो नाही. उभं राहायचं, एवढंच. तळपायाचा पुढचा भाग फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर), गुडघ्यांनी टाकी धरलेली, कंबरेतून थोडं पुढे झुकलेलं, कोपरं बाहेर. वाचायला सोपं वाटतं, पण काही मिनिटांतच मांड्या भरून येतात. उभं राहायचं कारण कोचने करून दाखवलं. त्याने आडवं लाकूड ठेवलं आणि आधी बसून त्यावरून जायला लावलं. मागचं चाक उसळलं आणि तो सगळा धक्का पाठीच्या कण्यात शिरला. मग उभं राहून तेच केलं. गाडी पायाखाली वर-खाली झाली, डोकं मात्र होतं त्याच उंचीवर राहिलं. तिथे मला कळलं की गुडघे हेच खरं सस्पेन्शन, गाडीचं नंतर.

वळणं हा सगळ्यात मोठा धडा. डांबरावर आपण गाडीबरोबर आत झुकतो. सैल मातीत सपाट वळण घेताना उलट करायचं: गाडी आत ढकलायची, स्वतः तिच्या वर सरळ राहायचं आणि बाहेरच्या फूटपेगवर सगळं वजन दाबायचं. बसून वळायचं असेल तर टाकीला भिडेपर्यंत पुढे सरकायचं, म्हणजे पुढच्या चाकावर भार येतो, आणि आतला पाय पुढच्या ॲक्सलच्या दिशेने लांब करायचा. पाय जमिनीवर घासत ठेवायचा नाही, त्यात घोटा आणि गुडघा जातो. आमचा कोच प्रत्येक फेरीला ओरडायचा, 'जिधर देखोगे, उधर जाओगे!' माझी नजर पुढच्या चाकासमोरच्या दगडावर खिळायची आणि चाक बरोबर त्या दगडावर जायचं. नजर वळणाच्या शेवटाला नेल्यावर तीच गाडी, तोच वेग, पण रेषा गुळगुळीत झाली.

पुढच्या ब्रेकची भीती बरेच जण घेऊन येतात. ती मातीत चालत नाही, कारण थांबवण्याची मोठी ताकद तिथेही पुढच्याच चाकात असते. फक्त एका बोटाने, हळूहळू दाबत, हँडल सरळ असताना. चाक अडकलं असं वाटलं की लगेच सोडायचं. मागचं चाक लॉक करून घसरवायचा सराव वेगळा करून घेतात, आणि तो करताना फार मजा येते.

उडीबद्दल थोडक्यात. नवख्यांना टेबलटॉपवर नेतात, म्हणजे मध्ये खड्डा नसलेल्या सपाट माथ्याच्या उंचवट्यावर. कमी पडलात तरी माथ्यावरच उतरता. उंचवटा चढताना थ्रॉटल सोडला की नाक खाली जातं, म्हणून तो शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा.

अंगावर काय हवं, यात काटकसर करू नका, आणि पैसे कमी असतील तर बूटांपासून सुरुवात करा. ट्रेकिंगचे बूट चालत नाहीत. पोटरीपर्यंतचे, बकलवाले, टणक मोटोक्रॉस बूटच हवेत, कारण पडताना गाडी पहिल्यांदा पायावर येते. त्यानंतर नीगार्ड, छाती-पाठीचं कवच, गॉगल लावता येईल असं हेल्मेट. नेहमीच्या काचेच्या हेल्मेटमध्ये श्वासाने काच धूसर होते आणि धूळ आत जाते. काही साहित्य तिथे भाड्याने मिळतं, पण हातमोजे आणि लांब मोजे स्वतःचेच न्या. पाठीवरची पाण्याची पिशवी आणि ओआरएस न्याच. हँडल फार घट्ट धरलं की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा कडक होतो, बोटं ब्रेकवर वळेनाशी होतात. तेव्हा थांबणं हाच उपाय.

शेवटी शिकाऊ मंडळींची एकत्र सुटून छोटी शर्यत लावली. पहिल्या वळणात सगळे एकदम शिरतात, धुळीने पुढचं दिसत नाही, आणि त्याच क्षणी शिकलेलं टिकतं की उडून जातं ते समजतं. मी मधल्या घोळक्यात आलो आणि मनापासून खूश झालो. झेंडे आधी पाठ करा: पिवळा म्हणजे पुढे कोणी पडलंय, ओव्हरटेक नाही, उडी नाही, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेला येतोय, वाट द्या. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट्सच्या महासंघाचं, लायसन्स लागतं. आणखी एक गोष्ट: गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान धरलेलं नसतं. आरोग्य विम्यातही साहसी खेळ वगळलेले असू शकतात. निघण्याआधी पॉलिसी काढून वाचा.

घरी आल्यावर हात शिवशिवतात. पण कास पठारासारखी सडे-पठारं आणि वनखात्याची जमीन याला हात लावू नका. सड्यावरची माती बोटभर जाडीची असते, एका चाकाने ती खरवडली गेली की पुढच्या पावसात वाहून जाते. गावात ओळखीच्या कोणाचं पडीक रान असेल तर मालकाला विचारून, पेरणीआधी, तिथे शंकू मांडून आठच्या आकड्याचा सराव करा. टायरची हवा कमी केली असेल तर डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा, आणि धुळीत चालवल्यानंतर एअर फिल्टर उघडून बघा. स्पोकही चाचपा, सैल झालेले असतात.

जायचं ठरलं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. हवा गार असते आणि ऊन सोसतं. फोन करून तारखा पक्क्या करताना तीन गोष्टी विचारा: तुमच्या उंचीला कोणती गाडी देणार, गाडी पडून मोडली तर भरपाई किती, आणि ट्रॅकवर ॲम्ब्युलन्स उभी असते का.