बाथरूममधला गॅस गिझर

मागच्या डिसेंबरची गोष्ट, आमच्या कळव्याच्या घरी आई आंघोळीला गेली आणि २० मिनिटं झाली तरी बाहेर येईना, हाक मारली तर एकदम बारीक आवाजात "डोकं गरगरतंय गं", कडी कशीबशी काढली तिने. आत खिडकी थंडीमुळे घट्ट बंद, आणि गिझरवरच्या छोट्या झरोक्यातून ज्योत बघितली तर निळी नाही, पिवळी, टोकाला काजळी.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय, गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय, ज्याला ना रंग ना वास. सिलेंडर लीक झाला तर मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे कळतं तरी, हे कळतच नाही हो, माणूस झोप आल्यासारखा बसून राहतो! म्हणून गिझर बाथरूममध्ये लावूच नका प्लीज.

आम्ही तो उघड्या बाल्कनीत हलवला, दरवर्षी दिवाळीनंतर मेकॅनिक बोलावून बर्नर साफ करून घेते, रबरी नळी ५ वर्षांनी बदलायची, चिरा दिसल्या तर लगेच. आणि गॅसचा वास आला तर लाइटच्या बटणाला हातच लावायचा नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन.

आई अजून रोज विचारते, "ज्योत बघितलीस का?"