तापला की बिघडणारा ओव्हन

नाशिकच्या एका ताईंचा फोन आला तेव्हा नाताळ चार दिवसांवर होता. त्या घरूनच केकच्या ऑर्डरी घेतात. बिल्ट-इन इलेक्ट्रिक ओव्हन, आणि डिस्प्लेवर सारखा एकच एरर, एफ ३. त्या मॉडेलमध्ये याचा अर्थ टेम्परेचर सेन्सरचं सर्किट तुटलंय. आधी एकाने सेन्सर बदलला, महिनाभर बरं चाललं. परत एफ ३ आला म्हणून दुसऱ्याने ओव्हन चालवणारा कंट्रोल बोर्डच नवा टाकला. आठवड्यात पुन्हा तेच.

गार ओव्हनला मीटर लावला. सेन्सर पीटी १०००, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) शून्य अंशाला १००० ओहम आणि पुढे अंशामागे पावणेचारच्या आसपास वाढ. मीटरवर १०९७. खोलीच्या २५ अंशांना अगदी बरोबर.

"दादा, अजून एक. हल्ली केक मधे कच्चा राहतो हो. वेळ तीच, सेटिंग तेच."

हे ऐकलं आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सेन्सरच्या वायरीतल्या एखाद्या जोडात रेझिस्टन्स वाढला, तर बोर्डाला ओव्हन आहे त्याहून गरम वाटतो आणि तो हीटर लवकर तोडतो. जोड पुरता सुटला की मग एरर.

ओव्हन कॅबिनेटबाहेर ओढला, आत थर्मामीटर ठेवून १८० वर पाऊण तास चालवला. थर्मामीटर १६० च्या पुढे सरकेना. एमसीबी पाडला, बोर्डाकडचा प्लग काढून लगेच मोजलं: १६८०. जोडाच्या अलीकडे, सेन्सरच्याच वायरीवर: १६०८. मधले ७२ ओहम जोडातच अडकले होते.

जोड कसला, तारा नुसत्या पीळ देऊन वर काळी इन्सुलेशन टेप. टेप वितळून गुळाच्या पाकासारखी चिकट झालेली, आतल्या तारा काळ्याठिक्कर. गार असताना टेकायच्या, तापल्या की सुटायच्या. सेन्सर बदलताना कुणीतरी केलेलं हे पाच मिनिटांचं काम.

तारा चकचकीत लागेपर्यंत कापल्या, नवीन टर्मिनल क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले, सिरॅमिक कनेक्टर बसवला, वर फायबरग्लासची स्लीव्ह. डाख दिला नाही. साधं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, ओव्हनच्या पाठीशी मी त्याच्यावर विसंबत नाही.

ओव्हन परत १८० वर चालवला, थर्मामीटर १८० ला टेकला. ताईंनी लगेच स्पंज लावला. तो फुगेपर्यंत मी थांबलो, मधे सुई खुपसली ती कोरडी निघाली.

काढलेला जुना बोर्ड त्यांनी जपून ठेवला होता. मी तो लावून पाहिला. ओव्हन तासभर सुरळीत चालला. नव्या बोर्डाचे पैसे ताईंनी दिवाळीच्या कमाईतून दिले होते. जुना बोर्ड चांगलाच होता, हे त्यांना सांगताना फार जड गेलं, पण सांगितलं.