तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतल्या एसीला किती केव्हीएचा जनरेटर?

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतोच. आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागच्या सीटा काढून आत दोन बेड, छोटा ओटा आणि एसी बसवलाय, ती दुकानासमोरच उभी असते, त्यामुळे येणारा जाणारा आत डोकावतो आणि मग लगेच, अण्णा, आम्ही पण अशी गाडी करायची म्हणतोय, जनरेटर किती केव्हीएचा घेऊ सांगा की. केव्हीए म्हणजे जनरेटर किती लोड उचलेल त्याचं माप. दुकान मोटर रिवाइंडिंगचं, वडलांपासूनचं, लूमच्या मोटरी बांधण्यात आमचं आयुष्य गेलं, म्हणून लोकांना वाटतं मी एक आकडा सांगेन आणि विषय संपेल. मी उलट विचारतो, एसी कुठला आहे? त्यावर बहुतेक जण म्हणतात, ते बघू ओ नंतर, आधी जनरेटरचं सांगा. इथंच सगळं उलटं होतं. जनरेटर सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो.

माझंच सांगतो. गाडी केली त्या पहिल्या उन्हाळ्यात मी घरातलाच जुना दीड टनाचा साधा एसी तिच्यात बसवला आणि एका दुकानातून २ केव्हीएचा जनरेटर आणला. दुकानदार म्हणाला भरपूर होतंय, एसीवर १७०० वॉट लिहिलंय, जनरेटर २००० चा, अजून काय पाहिजे. मे महिना होता, आईला घेऊन तुळजापूरला दर्शन करून येताना नळदुर्गला थांबलो, दुपारचे अडीच वाजले असतील. एसी लावला, पंखा फिरला, सगळे खूश, आणि तीन मिनिटांनी कंप्रेसरने, म्हणजे एसीतल्या गार करणाऱ्या मोटरने, उठायचा प्रयत्न केला तसा जनरेटर असा काही कण्हला की विचारू नका, आवाज एकदम खाली बसला, आतला दिवा पिवळा झाला आणि ओव्हरलोडची लाल लाईट लागून सगळं बंद. परत चालू केला, परत तेच. चार वेळा केलं. आईला शुगर, बीपी दोन्ही, तिच्या कपाळावर बायकोने ओला टॉवेल ठेवलेला, आणि आई मला म्हणते, राहू दे रे बाळा, खिडकी उघड. ते अजून माझ्या कानात आहे. तसेच निघालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्याच एसीला घरच्या लाईटवर क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावला. चालू असताना साडेसात अँपिअर, दुकानदार तेवढ्यापुरता खरा होता. पण कंप्रेसर उठतो त्या क्षणाला मीटरने ३६ दाखवले. २ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर पण नाही. मग तो उचलणार कसा? सोलापुरात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही खरं तर, ज्याने लूमचा कारखाना पाहिलाय त्याला माहितीये, मोटर सुरू होताना शेजारचा बल्ब एकदा मिचकतो. तो मिचकतो ना, तोच स्टार्टिंग करंट, चालू करंटच्या चार-पाच पट, कधी जास्तच, आणि तो अर्धा सेकंद का असेना पण जनरेटरने निभवायचा असतो. महावितरणच्या लाईनमागे अख्खं ग्रीड उभं असतं म्हणून घरात कळत नाही. जनरेटरमागे काय आहे, तर मुठीएवढा एक पिस्टन.

तर पहिलं म्हणजे गाडीत इन्व्हर्टर एसीच घ्या, एक टनाचा, गाडी लहान असेल तर पाऊण टनाचा पण चालतो. आता इन्व्हर्टर म्हटलं की गोंधळ होतो, कारण आपल्याकडे इन्व्हर्टर म्हणजे लाईट गेल्यावर चालणारा तो बॅटरीवाला डबा. तो वेगळा. इन्व्हर्टर एसी म्हणजे ज्याचा कंप्रेसर एकदम धाडकन न उठता हळूहळू वेग घेतो. माझ्या आत्ताच्या एसीला मीटर लावला की एक अँपिअरपासून सुरू होतो, मिनिटा-दोन मिनिटात चढत चढत साडेचार-पाचवर जातो आणि आत गार झालं की परत दोन-अडीचवर उतरतो. उडी नाहीच. आणि इन्व्हर्टर जनरेटर ही तिसरी गोष्ट, त्यात इंजिनची वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ करून देतं, त्यामुळे लोड कमी असेल तेव्हा इंजिन सावकाश चालू शकतं. साधा उघड्या फ्रेमचा जनरेटर लोड असो नसो ३००० आरपीएमलाच बोंबलत राहतो, कारण त्याची फ्रिक्वेन्सी इंजिनच्या वेगालाच बांधलेली असते.

आता जनरेटरवरचा आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते मॅक्सिमम, ते थोड्या वेळापुरतं. तुम्ही बघायचं रेटेड, म्हणजे तासन् तास किती देईल ते. उदाहरणाला होंडाचा ईयू२२आय घ्या, नाव २२ असलं तरी सतत देतो १८०० वॉट, वजन एकवीस किलोच्या आसपास म्हणजे एक माणूस उचलतो, टाकी ३.६ लिटरची. या वर्गातला कुठलाही चांगला इन्व्हर्टर जनरेटर एक टनी इन्व्हर्टर एसी आरामात चालवतो. शिवाय केव्हीए आणि किलोवॉट एक नाहीत, पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला किती भाग खरोखर वॉट म्हणून कामाला येतो ते प्रमाण, ०.८ धरला तर २ केव्हीएचे १६०० वॉटच होतात, हे दुकानात कोणी सांगत नाही, विचारा.

आणि आपल्याकडचं ऊन त्यात धरा. एसीच्या प्लेटवर, म्हणजे त्यावर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर, जे वॉट असतात ते बाहेर ३५ डिग्री धरून मोजलेले असतात. सोलापुरात मे महिन्यात ४३-४४ तर नेहमीचंच, आणि गाडीच्या टपावर विचारूच नका. माझा एसी प्लेटवर हजारच्या आत आहे, पण भर दुपारी साडेपाच अँपिअर म्हणजे साडेबाराशे वॉटपर्यंत गेलेला मी स्वतः पाहिलाय. तिकडे जनरेटर पण उष्ण आणि विरळ हवेत कमी ताकद देतो, उंचीचा हिशोब दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के, आपलं सोलापूर साडेचारशे मीटरच्या पुढे आहे म्हणजे पाचेक टक्के इथेच गेले. म्हणून प्लेटवरच्या वॉटच्या दीडपट रेटेड पाहिजे असं मी सांगतो, त्याच्या खाली नको.

ज्यांनी आधीच साधा एसी बसवलाय त्यांना मी सॉफ्ट स्टार्टर बसवायला सांगतो, तो स्टार्टिंग करंट निम्म्याहून खाली आणतो. नाहीतर दीड टनाला ४-५ केव्हीए लागतो, म्हणजे साठ-सत्तर किलोचं धूड, दोघांनी उचलायचं. आणि एसी सुरू करताना जनरेटरचा इको स्विच, म्हणजे लोड कमी असताना इंजिन सावकाश चालवणारा, बंद ठेवा, कंप्रेसर उठला की मग चालू करा, अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

पण जनरेटरवर पैसे घालण्याआधी टपावर घाला, हे मी हात जोडून सांगतो. ट्रॅव्हलरचा पत्रा दुपारी आतून हाताला चटका देतो. आम्ही आतून टपाला आणि बाजूंना इन्सुलेशन केलं, आणि ड्रायव्हरच्या मागे, केबिन आणि बेडच्या मध्ये, आपली सोलापुरी चादर दुहेरी करून पडद्यासारखी टांगली कारण सगळ्यात जास्त ऊन समोरच्या काचेतून येतं. बायकोची कल्पना. त्या एका चादरीने एसी पाऊण तास आधी उतरायला लागला, मी मीटर लावून बघितलंय. आणि लिंबाची सावली मिळाली तर अजून काय पाहिजे.

पेट्रोलचं सांगायचं तर रात्रीच्या आठ तासांना मला साडेचार-पाच लिटर लागतं. म्हणजे मधे एकदा उठून भरावं लागतं, आणि भरताना जनरेटर बंद करून, गार होऊ देऊन, मगच झाकण उघडायचं, तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब पडले तरी पेट घेतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं, त्यामुळे ट्रिप संपली की टाकी रिकामी करा आणि पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पावसाळाभर तसाच ठेवलेला जनरेटर दिवाळीला सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे दरवर्षी येतात, त्यात वाइंडिंगचा काही दोष नसतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, चिकटा बसलेला असतो.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. आषाढीला पंढरपुरात पार्किंगमध्ये गाड्या एकाला एक लागून होत्या. आमचा जनरेटर बंदच होता, रात्री पाऊस शिंतडून गार झालेलं, आम्ही खिडकीची एक फट उघडी ठेवून झोपलो. दोनच्या सुमाराला आतला कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ओरडायला लागला. उठलो तर डोकं जड, पोरगी उठवली तरी उठेना, तिला उचलून बाहेर आणली तेव्हा डोळे उघडले. शेजारच्या गाडीवाल्याने त्याचा जनरेटर दोन गाड्यांच्या मधल्या बोळात, आमच्या खिडकीखाली ठेवलेला. त्याची पण लेकरं आत झोपलेली होती, त्यांना दार वाजवून उठवलं. त्या गॅसला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. म्हणून जनरेटर गाडीपासून वीस फूट लांब, धुराचं तोंड सगळ्यांपासून उलटं, वारा बघून. गाडीखाली नाही, मंडपाखाली नाही, डिकी उघडून त्यात तर कधीच नाही, पाऊस आला तरी नाही. अलार्म मिळतो, जनरेटरच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तो नसेल तर मी गाडीचं काम हातात घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

वीस फूट लांब म्हणजे वायर लांब लागते, तीन कोरची अडीच एमएमची घ्या, आणि पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून एसी चालवला की आतली वायर तापून चिकटते, असा एक वितळलेला वेटोळा दुकानात टांगूनच ठेवलाय दाखवायला. आणि घरची लाईट गेली म्हणून दोन्हीकडे पिना असलेली वायर करून जनरेटर घरच्या सॉकेटमध्ये घुसवायचा नाही, ती वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावर कोणाचा तरी वायरमन मुलगा चढलेला असतो.

आवाजाचं एवढंच, रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांत म्हणून विकतात ते जनरेटर पण त्याच्या वरच जातात, त्यामुळे वस्तीत रात्रभर चालवायचं डोक्यातून काढा. वस्तीत थांबायचं असेल तर लॉजवाल्याला विचारून त्याची लाईट घ्या, मी तेच करतो.

आई आता गाडीत बसली की आधी चादर ओढते आणि मग मला म्हणते, लाव तुझा एसी.

तर ज्यांना यायचंय त्यांनी एसीच्या प्लेटचा फोटो काढून आणा, आणि गाडी सकाळी नको, दुपारी दोननंतर आणा, ती दुकानासमोरच्या उन्हात दोन तास उभी करू, मग मीटर लावू.