माझा आवडता इटालियन शब्द

इटालियन शिकवते म्हटलं की हमखास विचारता, मॅडम तुमचा आवडता शब्द कोणता, आणि तुम्हाला वाटतं मी आमोरे नाहीतर बेल्ला असलं काहीतरी सांगणार. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फेगातो. म्हणजे कलेजी, यकृत.

व्हेनिसला पहिल्यांदा ताटात आली ती. पातळ काप, मंद आचेवर पार गळून गेलेला भरपूर कांदा, बाजूला मक्याच्या पिठाचा पोलेंता, आणि खाता खाता माझ्या डोक्यात एकच, की लॅटिनमध्ये यकृताला येकुर म्हणतात आणि येकुरचा फेगातो काही केल्या होत नाही, मग हा आला कुठून?

तर अंजिरातून! लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे फीकुस. रोमन लोक कलेजी मोठी आणि चवदार व्हावी म्हणून जनावरांना अंजिरं चारायचे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, डुकरिणींना सुकी अंजिरं खाऊ घालायची, त्या फुगल्या की मधाची वाइन पाजून मारायचं, ही युक्ती मार्कुस आपिकियुस या रोमन खवय्याची. (वाचून मला वाईटच वाटलं त्या जनावरांचं.) अशा कलेजीला म्हणायचे येकुर फिकातुम, अंजीरवाली कलेजी. मग बोलता बोलता येकुर गळलं आणि नुसतं फिकातुम उरलं, आपण टपरीवर "एक कटिंग दे" म्हणतो आणि चहा हा शब्द तोंडातून निघतच नाही ना, अगदी तसं. पुढे तर माणसाच्या पोटातल्या यकृतालाही तेच नाव चिकटलं. फ्रेंच फ्वा, स्पॅनिश ईगादो, पोर्तुगीज फीगादु, सगळी त्याच अंजिराची पोरं.

आणि माझा जीव ज्याच्यावर जडलाय ते पुढे आहे. ते गळलेलं येकुर आणि आपलं यकृत एकाच मुळाचे! इटलीत जो शब्द बोलण्यातून गेला त्याचा भाऊ आपल्याकडे अजून जिवंत आहे, डॉक्टर रिपोर्ट बघून "यकृताला सूज आहे" म्हणतात तेव्हा तोच असतो.

इटलीत धाडसी माणसाला म्हणतात, आ फेगातो, त्याच्याकडे यकृत आहे. आपण म्हणतो काळीज लागतं. आणि रागाने आतल्या आत जळणारा माणूस तिकडे स्वतःचं फेगातो कुरतडत असतो.

फक्त म्हणताना जोर फे वर द्या हं, गा वर नको.